फायब्रोमायल्जिया आणि स्नायुदुखीची इतर कारणे : फरक कसा ओळखावा?

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
- फायब्रोमायल्जियाचे निदान कोणत्या निकषांवर होते हे सांगता येईल.
- दुखणे, थकवा, ताठरपणा आणि स्नायूंचा खरा दुबळेपणा यांत फरक करता येईल.
- फायब्रोमायल्जियासारखे दिसणारे प्रमुख आजार आणि त्यांच्या ओळखीच्या खुणा मांडता येतील.
- कोणत्या तपासण्या करायच्या, कोणत्या टाळायच्या आणि का, हे स्पष्ट करता येईल.

१. प्रस्तावना

"सगळं अंग दुखतं" ही तक्रार घेऊन येणारा रुग्ण भारतातल्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात रोज भेटतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघरी जाऊन 'कॉपकॉर्ड' सर्वेक्षण सुरू केले. त्यात लोकांनी सांगितलेल्या आजारांमध्ये हाडे, सांधे व स्नायू यांच्या दुखण्याचे स्थान सर्वांत वरचे होते. त्यातला मोठा भाग संधिवाताच्या कोणत्याही ठराविक प्रकारात बसणारा नव्हता. म्हणजे वैद्यकीय, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीचे विद्यार्थी म्हणून तुम्हाला हा प्रश्न वारंवार सोडवावा लागणार आहे.

तो सोडवताना चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

पहिली चूक म्हणजे फायब्रोमायल्जिया असूनही तो न ओळखणे. मग रुग्ण वर्षानुवर्षे एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातो, एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा होतात, वेदनाशामक गोळ्या आणि स्टिरॉइड दिली जातात, आणि शेवटी "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही" असे ऐकून तो घरी परततो. दुखणे मात्र तसेच राहते.

दुसरी चूक उलट आहे. दुसराच आजार असताना फायब्रोमायल्जियाचे नाव देऊन मोकळे होणे. हाडे मऊ पडण्याचा आजार काही महिन्यांच्या स्वस्त उपचाराने बरा होऊ शकतो. तो हुकला तर रुग्णाला चालणेही कठीण होते. वयस्क रुग्णातील एक रक्तवाहिनीचा आजार हुकला, तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

म्हणून या पाठाचा मध्यवर्ती मुद्दा सुरुवातीलाच लक्षात घ्या. फायब्रोमायल्जिया हे "काहीच सापडले नाही" म्हणून उरलेले निदान नाही. त्याची स्वतःची लक्षणे आणि निकष आहेत. आणि ते निकष पूर्ण झाले, तरी सोबत दुसरा आजार नाही असे सिद्ध होत नाही. दोन्ही प्रश्न प्रत्येक रुग्णाबाबत वेगवेगळे विचारावे लागतात.

२. नाव आणि निकष यांचा इतिहास

१९०४ मध्ये ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ विल्यम गोवर्स यांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' हे नाव दिले. तंतुमय ऊतींचा दाह, असा त्याचा अर्थ. परंतु पुढील अनेक दशकांत ऊतींमध्ये असा दाह सापडला नाही. म्हणून १९७६ मध्ये दाह सुचवणारा प्रत्यय गळून 'फायब्रोमायल्जिया', म्हणजे तंतू व स्नायू यांची वेदना, हा शब्द पुढे आला.

१९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने वर्गीकरणाचे निकष जाहीर केले. शरीरभर किमान ३ महिने दुखणे, आणि ठरवून दिलेल्या १८ बिंदूंपैकी किमान ११ बिंदू सुमारे ४ किलो दाबाने दुखणे, अशा दोन अटी होत्या. व्यवहारात यात अडचणी आल्या. बिंदू नीट दाबून पाहण्याचे प्रशिक्षण अनेकांना नव्हते. थकवा, झोप आणि स्मरणशक्तीच्या तक्रारींना त्यात जागाच नव्हती. शिवाय स्त्रियांमध्ये असे बिंदू सहज दुखतात, त्यामुळे अनेक पुरुष रुग्ण निकषांबाहेर राहिले.

२०१० च्या निकषांनी बिंदू मोजणे बंद करून लक्षणांवर भर दिला. २०१६ मध्ये त्यांत सुधारणा झाली. आज तुम्ही वापरायचे निकष असे :

1. वेदनेचा विस्तार (० ते १९ गुण). शरीराचे १९ भाग ठरवलेले आहेत. गेल्या आठवड्यात त्यांपैकी जितक्या भागांत दुखले तितके गुण.
2. लक्षणांची तीव्रता (० ते १२ गुण). थकवा, झोपून उठल्यावरही ताजेतवाने न वाटणे, आणि लक्ष किंवा स्मरण यांत अडचण, या तिन्हींना प्रत्येकी ० ते ३ गुण. शिवाय गेल्या ६ महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणे किंवा पेटके, आणि नैराश्य यांपैकी जे असेल त्याला प्रत्येकी १ गुण.
3. गुणांची अट. विस्तार ७ किंवा अधिक आणि तीव्रता ५ किंवा अधिक. किंवा विस्तार ४ ते ६ आणि तीव्रता ९ किंवा अधिक.
4. पसरलेपणाची अट. डावा वरचा, उजवा वरचा, डावा खालचा, उजवा खालचा आणि मधला कणा अशा ५ विभागांपैकी किमान ४ विभागांत वेदना. जबडा, छाती व पोट यांतील वेदना या अटीसाठी धरत नाहीत.
5. कालावधी. लक्षणे किमान ३ महिने साधारण त्याच पातळीवर असणे.

२०१६ च्या सुधारणेतील एक वाक्य परीक्षेसाठीही महत्त्वाचे आहे आणि रुग्णासाठीही : हे निदान इतर निदानांसोबत वैध राहते. संधिवात असलेल्या व्यक्तीला फायब्रोमायल्जिया होऊ शकतो, आणि उलटही.

३. वेदना कुठे निर्माण होते?

वेदनेचे दोन प्रकार तुम्ही शरीरक्रियाशास्त्रात शिकला आहात. ऊतींना इजा किंवा दाह झाल्याने होणारी वेदना, आणि चेतातंतूंनाच इजा झाल्याने होणारी वेदना. २०१७ मध्ये वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिसरा प्रकार मान्य केला : नोसिप्लास्टिक वेदना. यात ऊतींची किंवा चेतातंतूंची पुरेशी इजा दिसत नाही, पण वेदनेचे संदेश हाताळणारी यंत्रणा बदललेली असते. फायब्रोमायल्जिया हे त्याचे ठळक उदाहरण.

याला आधार काय? २००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली, डॅनियल क्लॉ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या व निरोगी व्यक्तींच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचे एफएमआरआय चित्रण केले. निरोगी व्यक्तीला ज्या दाबाने काही विशेष वाटत नव्हते, त्याच दाबाने रुग्णांना तीव्र वेदना होत होती आणि मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग सक्रिय होत होते. त्याआधी, १९९४ मध्ये, रुग्णांच्या मेंदू-मज्जा द्रवात 'सब्स्टन्स पी' या वेदनावाहक रसायनाची पातळी निरोगी व्यक्तींच्या सुमारे तिप्पट आढळली होती.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, रुग्णाची वेदना खरी आहे. तिला "मनाचे खेळ" म्हणणे शास्त्राला धरून नाही. दोन, बिघाड मुख्यतः संदेश हाताळण्यात असल्यामुळे स्नायूची ताकद, स्नायूतील विकरांची रक्तातली पातळी आणि दाहाच्या चाचण्या सामान्य असतात. हा दुसरा निष्कर्ष निदानाची किल्ली आहे. ताकद खरोखर कमी झाली असेल, सांधा सुजला असेल, किंवा रक्तात दाह दिसत असेल, तर ते केवळ फायब्रोमायल्जियाने होत नाही. कारण वेगळे शोधा.

४. पहिली पायरी : रुग्णाचे शब्द उलगडणे

रुग्ण पाठ्यपुस्तकातले शब्द वापरत नाही. मराठीत "वात आलाय", "अशक्तपणा आलाय", "हातपाय गळून गेलेत", "अंग मोडून येतं", "कॅल्शियम कमी झालंय" अशी वाक्ये कानावर पडतात. त्यांतला "अशक्तपणा" सर्वांत फसवा आहे. त्याचा अर्थ थकवा असू शकतो, दुखण्यामुळे काम न होणे असू शकते, किंवा स्नायूंची ताकद खरोखर गेलेली असू शकते. हिंदी भाषक रुग्ण "कमज़ोरी" म्हणतो तेव्हाही हीच अडचण असते.

म्हणून "अशक्तपणा आहे का?" असे न विचारता कृती विचारा :
- उकिडवे बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येते का?
- फळीवरचा डबा काढता येतो का? केस विंचरताना हात खाली पडतो का?
- बसची उंच पायरी चढता येते का?
- घास गिळताना अडकतो का?

"उठता येते, पण फार दुखते" आणि "दुखत नाही, पण उठताच येत नाही" ही दोन उत्तरे दोन वेगळ्या दिशांना नेतात. पहिले उत्तर फायब्रोमायल्जियाशी जुळते. दुसरे स्नायूंच्या आजाराकडे बोट दाखवते.

यानंतर पुढील प्रश्न क्रमाने विचारा.

सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो? फायब्रोमायल्जियातही सकाळी अंग आखडते. परंतु तासभर किंवा अधिक टिकणारा आणि हालचालीने स्पष्टपणे सुटणारा ताठरपणा दाह सुचवतो.

दुखणे कधीपासून आणि कसे सुरू झाले? काही दिवसांत एकदम सुरू झालेले, तापानंतरचे, की वर्षांनुवर्षे हळूहळू पसरलेले?

कोणती औषधे चालू आहेत? कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या, फिट्सवरील गोळ्या, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी वरील टेनोफोव्हिर, आणि "सांधेदुखीची पुडी" हे सगळे विचारा. बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइडची भेसळ आढळते हे भारतात वारंवार दिसून आले आहे. अशी पुडी दीर्घकाळ घेतल्याने स्नायू दुबळे होतात. ती अचानक बंद केल्यास अधिवृक्क ग्रंथीचे संप्रेरक अपुरे पडून अंगदुखी, गळाठा आणि रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसतात.

झोप कशी आहे? घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा डुलक्या येणे यांतून झोपेतील श्वासरोध सापडू शकतो. तो अंगदुखी व थकवा वाढवतो.

५. दुसरी पायरी : शारीरिक तपासणी

ही तपासणी दहा मिनिटांत होते, आणि अनेकदा महागड्या चाचण्यांपेक्षा अधिक सांगते.

- ताकद : खांदा आणि खुबा यांच्या स्नायूंची ताकद ० ते ५ या मोजपट्टीवर नोंदवा. दुखण्यामुळे रुग्ण मध्येच हात सोडून देत असेल, तर "क्षणभर पूर्ण जोर लावा" असे सांगून पुन्हा पाहा. क्षणभर का होईना पूर्ण जोर मिळत असेल, तर ताकद शाबूत आहे.
- सांधे : बोटांच्या मुळांचे सांधे हलके दाबून पाहा. दुखणारा सांधा आणि सुजलेला सांधा यांची नोंद वेगवेगळी ठेवा.
- हाडे : नडगी, बरगड्या व कटीचे हाड दाबून पाहा. स्नायूपेक्षा हाडच दुखत असेल तर ती महत्त्वाची खूण आहे.
- चाल : बदकासारखी डुलत चालण्याची पद्धत दिसते का?
- प्रतिक्षिप्त क्रिया : घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया झाल्यावर पाऊल सावकाश परत येत असेल तर थायरॉइडचा विचार करा.
- त्वचा : पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या पेरांवर लालसर खवले, गालांवर पुरळ.
- स्नायूतील गाठ : एकाच भागात ताणलेली दोरीसारखी पट्टी लागते का, आणि ती दाबल्यावर दुखणे दूर पसरते का?

६. फायब्रोमायल्जियासारखे दिसणारे आजार

*६.१ ऑस्टिओमलेशिया.* भारतात हा आजार कधीही विसरू नये. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडांत खनिज नीट भरत नाही आणि हाडे मऊ पडतात. ऊन न मिळणाऱ्या, अंग पूर्ण झाकणाऱ्या, वारंवार बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये तो विशेष दिसतो. कंबर, खुबे, मांड्या व बरगड्या दुखतात, जमिनीवरून उठणे जड जाते, चाल डुलते. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले, कॅल्शियम किंवा फॉस्फरस कमी आणि पॅराथायरॉइड संप्रेरक वाढलेले आढळते. एक्स-रेमध्ये हाडाला आडव्या फिकट रेषा दिसू शकतात. टेनोफोव्हिरसारख्या औषधाने मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून गेला तरी असेच चित्र तयार होते.

येथे एक सावधगिरी. भारतात ड जीवनसत्त्वाची पातळी कमी असलेल्या निरोगी व्यक्ती पुष्कळ सापडतात. त्यामुळे केवळ आकडा कमी आला म्हणून दुखण्याचे कारण मिळाले असे समजू नका. अल्कलाइन फॉस्फेटेज, कॅल्शियम व फॉस्फरस सोबत पाहा. ते सामान्य असतील, तर कमतरता भरून काढा. पण फायब्रोमायल्जियाचा प्रश्न बंद करू नका.

*६.२ थायरॉइडची कमतरता.* अंगदुखी, पायात गोळे येणे, थकवा, वजन वाढणे, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे. स्नायूतील क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात वाढलेले असू शकते. टीएसएच तपासल्याशिवाय सर्वांगदुखीचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

*६.३ स्नायूंचा दाह.* पॉलिमायोसायटिस आणि डर्मॅटोमायोसायटिस यांत मुख्य तक्रार दुखण्याची नसून ताकद जाण्याची असते. खांदे व खुबे दोन्ही बाजूंनी दुबळे होतात, गिळण्यास त्रास होतो, क्रिएटिन कायनेज बहुधा खूप वाढते. मात्र कठीण व्यायाम किंवा स्नायूत घेतलेले इंजेक्शन यांनंतरही हे विकर काही दिवस वाढलेले राहते, हे लक्षात ठेवा.

*६.४ पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका.* नावातले साम्य गोंधळात टाकते. हा आजार ५० वर्षांनंतरच विचारात घेतात, आणि वय वाढेल तशी शक्यता वाढते. भारतीयांमध्ये तो उत्तर युरोपीय लोकांपेक्षा कमी आढळतो, पण आढळतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत दोन्ही खांदे, मान व खुबे आखडतात. सकाळचा ताठरपणा ४५ मिनिटांहून अधिक टिकतो. ईएसआर आणि सीआरपी वाढतात. ताकद व क्रिएटिन कायनेज सामान्य असतात. कमी मात्रेतील प्रेडनिसोलोनने काही दिवसांतच ठळक आराम पडतो. फायब्रोमायल्जियाला असा प्रतिसाद मिळत नाही. या आजारासोबत जायंट सेल आर्टेरायटिस असू शकतो : कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे, दृष्टी अंधूक होणे. ही तातडीची अवस्था आहे. तपासणीच्या अहवालांची वाट पाहत उपचार थांबवत नाहीत, कारण गेलेली दृष्टी परत येत नाही.

*६.५ दाहजन्य संधिवात व ल्युपस.* आमवातात लहान सांधे सुजतात. कण्याच्या दाहजन्य संधिवातात कंबरदुखी तरुण वयात सुरू होते, विश्रांतीने वाढते, हालचालीने कमी होते आणि पहाटे जाग आणते. त्यात स्नायुबंध हाडाला चिकटतात त्या जागा दुखत असल्याने फायब्रोमायल्जियाचा भास होतो. ल्युपसमध्ये पुरळ, तोंडातील फोड, केस गळणे, लघवीतून प्रथिने जाणे अशा खुणा मिळतात.

*६.६ विषाणूजन्य तापानंतरची दुखणी.* चिकुनगुन्यानंतर सांधेदुखी महिनोन्महिने, क्वचित वर्षांपर्यंत टिकते. तापाची निश्चित तारीख आणि सांध्यांची सूज हे धागे शोधा. काही रुग्णांत संसर्गानंतर पुढे फायब्रोमायल्जियाचे निकषही पूर्ण होतात.

*६.७ स्टॅटिनमुळे होणारा त्रास.* मांड्या व पोटऱ्या दोन्ही बाजूंनी दुखतात आणि गोळी सुरू केल्यानंतरच्या आठवड्यांत तक्रार सुरू होते. गोळी थांबवल्यावर बरे वाटणे ही खूण आहे; पण हृदयरोग्याची गोळी त्याच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय थांबवू नका. गडद तपकिरी लघवी म्हणजे स्नायू मोठ्या प्रमाणात तुटत असल्याची शक्यता : ताबडतोब रुग्णालयात पाठवा.

*६.८ मायोफेशियल वेदना.* मान किंवा खांद्याच्या एका भागापुरते दुखणे, ताणलेली पट्टी, दाबल्यावर दूर पसरणारी कळ. ही स्थानिक तक्रार आहे. फायब्रोमायल्जियातील दुखणे सर्वांगाला असते, आणि त्यासोबत थकवा व झोपेच्या तक्रारी असतात.

*६.९ इतर.* मधुमेह किंवा ब १२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारे चेतातंतूंचे विकार, पॅराथायरॉइडची अतिक्रिया, हिपॅटायटिस सी, आणि वयस्क रुग्णात मल्टिपल मायलोमा किंवा हाडांत पसरलेला कर्करोग.

७. तपासण्या : पुरेशा, पण मोजक्या

बहुतेक रुग्णांसाठी एवढ्या प्राथमिक तपासण्या पुरतात : संपूर्ण रक्तगणना, ईएसआर, सीआरपी, टीएसएच, क्रिएटिन कायनेज, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन व रक्तशर्करा. ड जीवनसत्त्व आणि ब १२ परिस्थितीनुसार.

एएनए आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या चाचण्या सरसकट मागवू नका. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ३२ टक्क्यांमध्ये १:४० या पातळीवर आणि सुमारे १३ टक्क्यांमध्ये १:८० या पातळीवर एएनए पॉझिटिव्ह आढळले होते. म्हणजे लक्षणे नसताना मागवलेला हा अहवाल रुग्णाला "ल्युपस असेल" या भीतीत ढकलतो. सांध्याची सूज, पुरळ किंवा लघवीतील दोष असेल तरच तो मागवा.

मुख्य फरक एका दृष्टिक्षेपात :

| आजार | खरा दुबळेपणा | सकाळचा ताठरपणा | मदत करणारी चाचणी |
|---|---|---|---|
| फायब्रोमायल्जिया | नाही | असतो | सर्व सामान्य |
| ऑस्टिओमलेशिया | खुब्यांत असू शकतो | विशेष नाही | अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले |
| थायरॉइडची कमतरता | सौम्य असू शकतो | असू शकतो | टीएसएच वाढलेले |
| स्नायूंचा दाह | ठळक | विशेष नाही | क्रिएटिन कायनेज वाढलेले |
| पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका | नाही | ४५ मिनिटांहून अधिक | ईएसआर, सीआरपी वाढलेले |
| आमवात | सहसा नाही | बहुधा तासाहून अधिक | सांध्यांची सूज, सीआरपी |

८. दोन काल्पनिक उदाहरणे

उदाहरण १. ३८ वर्षांच्या शिक्षिका. दोन वर्षांपासून मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, दोन्ही खांदे, दोन्ही हात कोपराखाली, दोन्ही खुबे आणि दोन्ही पोटऱ्या दुखतात. आठ तास झोपूनही उठताना अंग जड. वर्गात शिकवताना शब्द आठवत नाहीत. वारंवार डोके आणि ओटीपोट दुखते. ताकद पूर्ण, सांध्यांना सूज नाही, प्राथमिक तपासण्या सामान्य.

गुण काढा. दुखणारे भाग ३ + २ + २ + २ + २ = ११. पाचही विभागांत वेदना. थकवा ३, झोप २, स्मरण २, डोकेदुखी १, ओटीपोट १ : एकूण ९. निकष पूर्ण होतात. आणखी एमआरआय करण्याची गरज नाही. निदान सांगून उपचार सुरू करण्याची वेळ आहे.

उदाहरण २. २९ वर्षांची स्त्री, तीन बाळंतपणे, दिवसभर घरात. वर्षभर "सगळं अंग दुखतं", थकवा, झोप नीट नाही. एका दवाखान्यात फायब्रोमायल्जिया सांगितला गेला. तुम्ही विचारता तेव्हा कळते की जमिनीवरून उठताना तिला भिंतीचा आधार लागतो. नडगी दाबल्यावर ती कळवळते. चाल डुलते. अल्कलाइन फॉस्फेटेज दुप्पट, फॉस्फरस कमी.

हिचे गुण मोजले तर फायब्रोमायल्जियाचे निकषही पूर्ण होऊ शकतील. परंतु दुबळेपणा, हाडांचे दुखणे आणि रक्तातील बदल यांचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. हा ऑस्टिओमलेशिया आहे. ड जीवनसत्त्व व कॅल्शियमने ती पुन्हा आधाराशिवाय उठू शकेल. निकषांचे गुण वेदना मोजतात, कारण सांगत नाहीत, हे या उदाहरणातून लक्षात ठेवा.

९. दोन्ही आजार एकत्र असतील तर

आमवात, ल्युपस किंवा कण्याचा संधिवात असलेल्या रुग्णांत फायब्रोमायल्जिया सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळतो. अशा रुग्णाचे दुखणे वाढले की संधिवात भडकला असे वाटते आणि तीव्र औषधे वाढवली जातात. दुखणारे सांधे पुष्कळ, पण सुजलेले सांधे नाहीत आणि सीआरपी सामान्य, अशी विसंगती दिसली तर वाढलेली वेदना फायब्रोमायल्जियाची असू शकते. याच कारणासाठी दुखणे व सूज यांची नोंद वेगळी ठेवायला पाठाच्या पाचव्या भागात सांगितले आहे.

उलट, फायब्रोमायल्जियाचे निदान झालेल्या रुग्णाची नवी तक्रार जुन्याच खात्यावर टाकू नका. पुढील धोक्याच्या खुणा दिसल्यास तपासणी नव्याने करा : ५० वर्षांनंतर प्रथमच सुरू झालेली सर्वांगदुखी, ताप, कारणाशिवाय वजन घटणे, झोपेतून उठवणारे एकाच हाडाचे दुखणे, वाढत जाणारा दुबळेपणा, सांध्याची सूज, नवी डोकेदुखी किंवा दृष्टिदोष, लघवी-शौचावरील ताबा सुटणे.

१०. निदान सांगणे हाही उपचार

रुग्णाला सोप्या शब्दांत सांगा : "तुमचं दुखणं खरं आहे. स्नायू किंवा सांधे झिजत नाहीत. वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जास्त जोरात पोहोचतो आहे." यामुळे अपंगत्वाची भीती कमी होते आणि हालचाल करण्याचे धैर्य येते.

उपचारांत हळूहळू वाढवत नेलेला नियमित व्यायाम सर्वांत भक्कम पुराव्यावर उभा आहे. चालणे, पाण्यातील व्यायाम, ताकदीचे सौम्य व्यायाम यांपैकी जे रुग्ण सातत्याने करू शकेल ते निवडा. झोपेची शिस्त, गरजेनुसार मानसोपचार, आणि ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगाबॅलिन यांपैकी एखादे औषध कमी मात्रेत उपयोगी पडू शकते. स्टिरॉइड आणि तीव्र अफूजन्य वेदनाशामके यांना येथे स्थान नाही.

सारांश

- फायब्रोमायल्जियाचे निदान निकषांवर करा. सामान्य अहवालांच्या ढिगावर नव्हे.
- थकवा, वेदना आणि दुबळेपणा वेगळे करा. कृती विचारल्याशिवाय "अशक्तपणा" कळत नाही.
- खरा दुबळेपणा, सांध्याची सूज, हाडाचे दुखणे व रक्तातील दाह हे फायब्रोमायल्जियाने होत नाहीत.
- भारतात ऑस्टिओमलेशिया व थायरॉइड, आणि ५० वर्षांनंतर पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका यांचा विचार आवर्जून करा.
- एक निदान झाले म्हणून दुसरे नाकारू नका.

स्वाध्याय

1. वेदनेचा विस्तार ५ आणि तीव्रता ८ असलेल्या रुग्णाचे २०१६ चे निकष पूर्ण होतात का? कारण द्या.
2. ड जीवनसत्त्व कमी, पण अल्कलाइन फॉस्फेटेज, कॅल्शियम व फॉस्फरस सामान्य. तुम्ही रुग्णाला काय सांगाल?
3. ६६ वर्षांच्या गृहस्थांचे दोन्ही खांदे तीन आठवड्यांपासून आखडले आहेत. विचारण्याचे चार प्रश्न व करण्याच्या दोन चाचण्या लिहा.
4. तुमच्या मातृभाषेत 'अशक्तपणा' या अर्थाने वापरले जाणारे तीन शब्द लिहा आणि प्रत्येकामागचा नेमका अर्थ जाणून घेण्यासाठी एकेक प्रश्न तयार करा.